शेवटाची पुडी

मुरुडच्या वाचनालयात कादंबरी मिळायची, पण शेवट मिळायचा नाही. शेवट वेगळा मागावा लागायचा.

हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे?" त्या 'म्हणजे'साठीच मी हे सांगते, हे कबूल करून टाकते. वर्गात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरसमोर तोंड उघडं असतानाही मी हे सांगायचा प्रयत्न केलेला आहे.

तर म्हणजे असं. आमचे ग्रंथपाल आप्पा नवी कादंबरी आली की सगळ्यांत आधी तिची शेवटची सोळा पानं सोडवायचे. फाडायचे नाहीत हं! धारदार पातं घेऊन शिवणीचा दोरा उसवायचे आणि पानं अलगद बाजूला काढायचे. मग ती तपकिरी कागदात गुंडाळायची, दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे, दाताने दोरा तोडायचा आणि वर पुस्तकाचा नंबर टाकायचा. अगदी किराणा दुकानात जिऱ्याची पुडी बांधतात तशी. या पुड्या टेबलामागच्या पत्र्याच्या पेटीत असायच्या. पेटीची किल्ली आप्पांच्या जानव्याला... चुकले, आप्पा लिंगायत, त्यांना जानवं कुठलं! किल्ली करगोट्याला असायची आणि ती काढताना आप्पा आमच्याकडे पाठ करायचे.

पुस्तक वाचून संपवलं, म्हणजे जेवढं होतं तेवढं संपवलं, की टेबलासमोर उभं राहायचं. आप्पा चष्मा कपाळावर चढवायचे.

"बोल माय. फुडं काय झालं?"

आपण आपला शेवट सांगायचा. आप्पा तो एका लांबट वहीत उतरवून घ्यायचे. मग पुडी मिळायची. ती तिथेच बाकावर बसून वाचायची, परत करायची आणि आप्पा वहीच्या शेवटच्या रकान्यात शेरा मारायचे. शेरे तीनच. 'जमला' म्हणजे आपला अंदाज बरोबर. 'हुकला' म्हणजे चूक. आणि तिसरा, क्वचित मिळणारा, 'लेखकापरीस बरा'.

हा तिसरा शेरा मिळावा म्हणून मी दोन वर्षं जिवाचं रान केलं. मिळाला नाही. आजही मनात आहे.

वडील आरोग्य खात्यात होते. त्यांची लातूरजवळच्या मुरुडला बदली झाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पहिल्या दिवशी तेच मला वाचनालयात घेऊन गेले. वडील आप्पांना "जयभीम" म्हणाले, आप्पा वडिलांना "शरणार्थ" म्हणाले आणि मग दोघंही पावसावर बोलले, जो त्या वर्षी आलाच नव्हता. मी तेवढ्यात कपाटातून एक कुमार कादंबरी ओढली.

"काय बघलालीस गं?" आप्पांनी विचारलं.

"शेवट बघते. चांगला असला तर नेते."

आप्पांनी वडिलांकडे असं पाहिलं, जणू मी पाव्हण्याच्या घरी जाऊन आधी चुलीवरचं झाकण उघडलं होतं. "पोरगी हुशार हाय तुमची," ते म्हणाले, "पर घाई लई. न्हाई सापडायचा माय तुला शेवट. घेऊन जा आन झुरत बस."

झुरले. त्या कादंबरीत तीन मुलं सुट्टीत मामाच्या बंगल्यावर जायची आणि तिथे त्यांना तळघरात भुयार सापडायचं. माझे मामा लोह्याला. बंगला नव्हता, दोन म्हशी होत्या आणि जमिनीखाली जे काही होतं ते उंदरांचं होतं. पण मी त्या मुलांबरोबर भुयारात इतकी खोल गेले की एकशे बारा पानांनंतर पुस्तक संपलं तेव्हा मी अक्षरशः अंधारात उभी होते. दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. आई म्हणाली, "काय झालंय हिला?" वडील म्हणाले, "शेवट झाला नाही तिचा." आईने त्यांच्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी मी आप्पांना सांगितलं की भुयारात मामाच चोर निघतो. आप्पांनी लिहून घेतलं, पुडी दिली. चोर मामा नव्हता, नोकर होता. 'हुकला.'

"मामा का गं?" आप्पांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या विचारण्यात परीक्षा कधीच नसायची. विहिरीत किती पाणी आहे ते वाकून बघावं तसं ते माणसात बघायचे.

"एवढा मोठा बंगला त्याच्याकडे आला कुठून?" मी म्हणाले.

आप्पा बराच वेळ हसले आणि वहीत ते वाक्यही लिहून घेतलं.

हळूहळू मला वाचायचं कसं ते कळायला लागलं. कुमार कादंबऱ्यांत कुत्रा असला तर तो मरत नाही, म्हातारा नोकर असला तर मरतो. थोरामोठ्यांच्या अभिजात कादंबऱ्यांत नायिका चौथ्या प्रकरणात खोकली की तिचं काही खरं नसतं. मोठा भाऊ कपाळावर आठी घालून प्रवेश करतो तो शेवटी रडतो. हे सगळं मी आप्पांना मोठ्या ऐटीत सांगायची. ते म्हणायचे, "आगं, हे झालं लेखकाचं. तुझं काय?"

गावातल्या प्रत्येकाचा शेवट ठरलेला होता. बाजारपेठेतला न्हावी सगळ्यांची लग्नं लावायचा. कादंबरीत उरलेले दोन म्हातारे असले तर त्यांचंही जमवून टाकायचा. सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर नायकाला मारायचा. "आप्पा, एवढा ताप असल्यावर माणूस वाचत न्हाई," असं आपलं ठाम मत. माझी आई एकदाच वाचनालयात आली. आप्पांनी शेवट विचारला तर म्हणाली, "मला नको पुडी. ती बाई अजून जिवंत आहे ना तुमच्या पुस्तकात? बास. मग राहू दे तिला." आप्पा उभे राहिले. खरंच उभे राहिले. पण शेरा काय मारावा हे त्यांना सुचलं नाही.

आता तुम्ही विचाराल, हे खूळ आलं कुठून? मीही विचारलं. आप्पांनी उत्तर म्हणून कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवरून एक पुस्तक काढलं. त्याला पुठ्ठा नव्हता, नाव नव्हतं, लेखक नव्हता. दोनशे चौदाव्या पानावर ते संपत होतं आणि ते शेवटचं पान मधे घड्या पडलेलं, हळदीने पिवळं झालेलं आणि खळीने चिकटवलेलं होतं.

आप्पांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. आप्पा तरुणपणी गल्ल्यावर बसायचे. रद्दीतून आलेली पुस्तकं पुड्या बांधायला असायची आणि पुड्यांसाठी पानं फाडायची ती मागून, असा वडिलांचा नियम. पुढून फाडलं की पुस्तक विस्कटतं. अशाच एका पुस्तकाची मागची पानं फाडून आप्पा गिऱ्हाइकांना हळद-तिखट बांधून देत होते आणि मधल्या वेळात चाळा म्हणून तेच पुस्तक पुढून वाचत होते.

"वाचता वाचता अडकलो की माय," आप्पा म्हणाले. "पर हात आपला चालूच. गिऱ्हाईक आलं की मागून टर्रकन पान. चार दिसांनी वाचत वाचत तिथं आलो आन बघतो तर फुडं काय न्हाईच! माझ्याच हातानं गावभर वाटून बसलो होतो."

ते मग घरोघर फिरले. "तुमची हळदीची पुडी कुठंय?" असं विचारत. बहुतेक पानं चुलीत गेली होती. एका घरात एकच पान सापडलं, हेच, दोनशे चौदावं. त्यावर शेवटची ओळ होती: 'पलीकडून हाक आली. तिने कंदील उचलला.'

गोष्ट एका नावाड्याच्या बायकोची होती. नवरा आठ दिवसांत येतो म्हणून शहरात जातो, येत नाही. ती वल्हं हातात घेते, नाव चालवायला शिकते, गाव आधी नावं ठेवतं आणि मग तिच्याच नावेतून बाजाराला जातं. अकरा वर्षं जातात. एका संध्याकाळी पलीकडच्या काठावर कुणीतरी उभं राहतं आणि नावेसाठी हाक मारतं. आवाज ओळखीचा वाटतो. ती कंदील उचलते. पुढे? पुढे हळद.

बहात्तरच्या दुष्काळात आप्पा खडी फोडायच्या कामावर हजेरी लिहायला होते. दुपारी भाकरी खाताना ते बायांना हे पुस्तक वाचून दाखवायचे. प्यायला पाणी टँकरचं, आणि गोष्टीत दुथडी भरलेली नदी! बाया नुसत्या नदीचं वर्णन पुन्हा वाचायला लावायच्या. दोनशे चौदावं पान आलं आणि आप्पांनी पुस्तक मिटलं, तेव्हा बाया चिडल्या. हातात हातोडे होते, हे लक्षात घ्या.

"मी म्हणलं, मला तरी कुठं मालूम हाय? तुमीच सांगा."

आणि बाया सांगायला लागल्या. एकीचा नवरा श्रीमंत होऊन आलेला होता, एकीचा कुष्ठरोगी. एकीने पलीकडे भूत उभं केलं. आप्पांनी हजेरीच्या कोऱ्या कागदांवर सगळं लिहून घेतलं. सगळ्यांत शेवटी केराबाई नावाची बाई होती, दिवसभरात चार शब्द बोलणारी. तिला विचारलं तर म्हणाली,

"कंदील उचलला, फुंकर मारली, आन निजली. कोन हाय ते सकाळी बघू म्हणली."

हातातल्या भाकरी हातातच राहिल्या, असं आप्पा सांगायचे. मग एक बाई हसली आणि मग सगळ्याच इतक्या हसल्या की मुकादम पळत आला.

ते हजेरीचे कागद म्हणजे अंदाजांच्या वहीची सुरुवात. बाकी सगळ्या पुस्तकांपुढे शेरे होते. या एका पुस्तकापुढचा शेऱ्याचा रकाना कोरा होता, कारण लेखकाचा शेवट कुणालाच ठाऊक नव्हता. आप्पांनी आल्यागेल्या प्रत्येक पुस्तकविक्याला विचारलं होतं. पुस्तकाचं नावच माहीत नाही म्हटल्यावर कोण काय शोधणार!

"आप्पा, तुमचा शेवट कुठला?" मी विचारलं.

"माझा न्हाई," ते म्हणाले आणि पुस्तक वर ठेवून दिलं. जगातल्या सगळ्यांचे शेवट मागणाऱ्या या माणसाने स्वतःचा कधी दिला नव्हता.

मग लातूर जिल्हा झाला. पेढे वाटले, फटाके उडाले, आता कागदासाठी उस्मानाबादला जायला नको म्हणून लोक नाचले. नवा जिल्हा म्हटला की नवी कार्यालयं, आणि नवी कार्यालयं म्हटली की तपासणी. एके दिवशी जीपमधून एक साहेब उतरले. तरुण, इस्त्रीचे, हातात कोरी करकरीत यादी. त्यांनी एक कादंबरी उघडली, शेवट पाहिला. दुसरी उघडली. तिसरी. मग खुर्चीवर बसले.

"यांची शेवटची पानं कुठे आहेत?"

"पुडीत," आप्पा म्हणाले.

पुढचा अर्धा तास मी बाकाखाली पडलेली पेन्सिल शोधत होते. साहेब ओरडले नाहीत, तेच वाईट होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं: पंधरा दिवसांत सगळी पानं परत शिवायची. ज्या पुस्तकाला शेवट नाही ते अपूर्ण. अपूर्ण पुस्तक यादीतून बाद. बाद पुस्तक रद्दीत. नियम आहे. आणि त्यांनी बिनपुठ्ठ्याच्या, हळदीच्या पुस्तकावर लाल पेन्सिलीने फुली मारली.

जीप गेल्यावर आप्पा ती फुली बघत बसले.

"रद्दी कुठं जाती मालूम हाय का तुला?" त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं. किराणा दुकानात.

"एकदा माझ्या हातानं फाडलंय त्याला. दुसऱ्यांदा न्हाई फाडू देणार."

पंधरा दिवस आम्ही शिवत होतो. आप्पा, मी आणि शाळेची हजेरीपुस्तकं बांधणारा एक बाइंडर. आप्पा नंबर वाचायचे, मी पुडी सोडायची, बाइंडर दाभण चालवायचा. थोडी गडबड झाली, ती माझ्यामुळे. एका अभिजात कादंबरीत मरणशय्येवरची नायिका पान उलटताच दोन भावांबरोबर किल्ल्यावर गुप्तधन शोधायला लागली. ते पुस्तक कंपाउंडरने नेलं. परत करताना म्हणाला, "आप्पा, औषध लागू पडलं हो तिला!" आम्ही दुरुस्त केलंच नाही.

पण हळदीचं पुस्तक तसंच होतं. त्याची पुडी पेटीत नव्हती. चौदाव्या दिवशी मी म्हणाले, "आप्पा, त्याला तर सगळ्यांत जास्त शेवट आहेत. वहीत."

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. मग वही आणली. खडीवरच्या बायांचे कागद, त्यांच्या मागून गावाने दिलेले शेवट, न्हाव्याने लावलेलं लग्न, कंपाउंडरने बुडवलेली नाव, मी गुप्तधन घेऊन परत आणलेला नावाडी, सगळं आप्पांनी वहीतून उसवलं आणि दोनशे चौदाव्या पानामागे शिवलं. पुस्तक दुप्पट जाड झालं.

साहेब आले. बाकीची पुस्तकं भरभर पाहिली. मग हे हातात घेतलं, वजन बघितलं आणि मागची पानं चाळली.

"हा काय प्रकार आहे?"

"शेवट हाय साहेब. तुमी म्हणला होता पायजे म्हणून."

"हे लेखकाने लिहिलेलं नाही."

"न्हाई. पर गोष्ट तिथं थांबत बी न्हाई."

साहेबांनी पुस्तक आपटलं नाही. ते उभ्याउभ्याच वाचायला लागले, मग बसून. चहा गार झाला. ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. बऱ्याच वेळाने साहेबांनी मान वर केली. आता चेहऱ्यावर इस्त्री नव्हती.

"मग पलीकडे होतं कोण?"

मला आप्पा माहीत होते. म्हटलं, आता नको आप्पा, आता फक्त 'माहीत नाही साहेब' म्हणा. पण आप्पांचा हात चष्म्याकडे गेलाच.

"आधी तुमचं सांगा, साहेब."

साहेब यादीकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तिचा मुलगा असावा."

"तिला मूल कुठंय?" मी बोलून गेले.

"पुस्तकात नाही," साहेब म्हणाले. "पण अकरा वर्षं आहेत मधे. सगळं थोडंच सांगतात पुस्तकात?"

आप्पांनी ते लिहून घेतलं. साहेबांनी लाल फुली खोडरबराने घासली. ती पूर्ण गेली नाही, गुलाबी डाग राहिला. आणि तपासणीच्या शेऱ्यात त्यांनी लिहिलं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आहे: 'शेवट आहे. जादा आहे.'

पुढे वडिलांची बदली किनवटला झाली. नंतर मी नांदेडला शिकले, शाळेत शिकवायला लागले, आणि शाळेत एक पेटी ठेवली. कसली ते सांगत नाही.

एकदा नांदेडच्या जुन्या बाजारात रद्दीच्या ढिगात एक पुस्तक दिसलं. पुठ्ठा याला पण नव्हता. सवयीने मधेच उघडलं आणि नदी लागली, नाव लागली, वल्हं हातात घेतलेली बाई लागली. दोनशे चौदा उलटलं. त्याच्या मागे दोनशे पंधरा होतं!

मी वाचलं नाही. तुमचा विश्वास बसणार नाही, पण शपथेवर सांगते. शेवटची पानं उसवली, तपकिरी कागदात बांधली, दोरा दाताने तोडला आणि बसने मुरुड गाठलं.

आप्पा खूप थकले होते. वाचनालय दुसरं कुणी बघत होतं. हळदीचं पुस्तक तेवढं ते घरी घेऊन आले होते. दृष्टी अधू झाली होती, पण पुडी त्यांनी बोटांनीच ओळखली.

"कशाची हाय?"

"दोनशे पंधरापासून पुढची."

त्यांनी हात मागे घेतला. मला वाटलं होतं ते झडप घालतील. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आल्यावर माणूस असा मागे सरकतो, हे मला कुठल्याच कादंबरीने सांगितलं नव्हतं.

"वाच," शेवटी म्हणाले.

आता माझी वेळ होती. मी चष्मा कपाळावर चढवला. "आधी तुमचं सांगा, आप्पा."

ते हसले.

"त्यात माझा शेवट न्हाई गं माय," ते म्हणाले. "मला आपलं वाटत होतं, पलीकडं मीच उभा हाय. हाका मारलालाव. ती कंदील घेऊन येती का न्हाई, तेवढंच बघायचं होतं."

मी ते लिहून घेतलं आणि पुडी सोडली.

लेखकाने काय केलं असेल? नवराच होता. ती कंदील घेऊन गेली, त्याला आणलं, त्याचे पाय धुतले. त्याने तिला क्षमा केली. हो, त्याने तिला! इतकी वर्षं परपुरुषांना नावेत बसवलं म्हणून. मग पातिव्रत्यावर सहा पानं. मी वाचत गेले आणि माझा आवाज बारीक होत गेला. संपलं तेव्हा आप्पांच्या तोंडाकडे बघायची हिंमत होईना.

"झालं?"

"झालं."

"ते पुस्तक काढ. केराबाईचं पान काढ. शेरा कोरा हाय बघ तिच्याफुडं."

मी पान काढलं. हजेरीचा जुना कागद, पिवळा पडलेला.

"लिही. लेखकापरीस बरा." आणि मग पुटपुटले, "जिती असती तर सांगितलं असतं तिला."

मी लिहिलं. माझ्या हाताने, दुसऱ्याच्या नावापुढे, तो शेरा.

"आन ती पानं आण इकडं."

मी नवी पानं दिली. मला वाटलं, आता म्हणतील शिव मागे. आप्पांनी एक पान चाचपून वेगळं केलं, टर्रकन. मी ओरडलेच. त्यांनी लक्ष दिलं नाही. पानाचा कोन केला, टोक मुडपलं, शेजारच्या डब्यातले फुटाणे त्यात ओतले, वरचे कान आत दाबले आणि माझ्या हातात ठेवलं. चाळीस वर्षांनीसुद्धा पुडी एकाही ठिकाणी सुटली नाही.

"घे. बसमदी खायला."

ते फुटाणे मी लातूर येईपर्यंत खाल्ले. खमंग होते.